साठ ग्रॅम

इतवाऱ्यात, बँडवाल्यांच्या गल्लीत,
मुनीरमामूंच्या दुकानाला पाटी नाही.
दारावर पेटीचा एक फाटका भाता टांगलाय,
तीच खूण.

मी म्हणालो, मामू, व्हायोलिन घोगरं झालंय,
दुसरं बघावं म्हणतो.
वाद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.
म्हणाले, गज दाखवा.

बावीस वर्षांचा गज.
एका अंगाचे केस पार गळालेले,
उरलेले राळ खाऊन पिवळे, मुठीपाशी काळे, चिकट.
काडी डोळ्यापुढे धरली तर कंधारचा रस्ता,
कुठे म्हणून सरळ नाही.
"ह्याने वाजवता गुरुजी, की सरपण कापता?"

मग पेपर अंथरून तीन गज मांडले.
एक काळा, कार्बनचा, हैदराबादेहून आलेला,
ऊन-पाऊस म्हणे त्याला कळत नाही.
एक कलकत्त्याचा, तांबूस, मुठीत शिंपल्याचा डोळा.
तिसरा जुनाट, टोक फुटलेलं, दोऱ्याने आवळलेलं,
केस मात्र नवे, मामूंनीच भरलेले.
माळेगावच्या यात्रेत घोड्याचा सौदा चालू असताना
मालकाला चहा पाजून मागून घेतात ते शेपटीचे केस.
"नराचेच घ्यायचे. मादीचे मुतून खराब होतात."
आणि स्वतःच हसले खोकला येईपर्यंत:
"घोडी तारांच्या खाली, घोडा तारांच्या वर.
असलं गावठी वाद्य आहे हे, आन् लोक विलायती म्हणतात."

शेजारच्या सराफाचा काटा मागवला.
एकसष्ट. त्रेसष्ट. तिसरा साठाला थोडा कमी.

मी कलकत्त्याचा उचलला, एक चाल धरली.
"चाल नक्को. चालीत ऐब लपतो.
एकच तार. टोकापासून मुठीपर्यंत. सावकाश."
आणि भिंतीकडे तोंड करून बसले,
जसं कुणी कपडे बदलतंय.

काळ्याचा आवाज मोठा, सगळीकडे सारखा,
दवाखान्याच्या फरशीसारखा.
तांबूस गोड होता, पण टोकाशी जाईपर्यंत
त्याचं पाणी संपायचं.
तिसरा नुसता किंचाळला.

मामू भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणाले,
"कुठं वाजवायचात?"

गायन पार्टीत.
चौदा एप्रिलपासून पार मृग लागेपर्यंत,
गावोगाव, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर,
ढोलकी ह्या कानाशी, बेंजो त्या कानाशी,
भोंगा लिंबाला बांधलेला, पाठीमागे जनरेटर.
गायकाच्या शब्दाला शब्द लावून जायचं
तर दाबावंच लागायचं.
आणि शब्दही तसेच होते, मामू.
हळू म्हणायचे नव्हते.

ते उठले.
माझी करंगळी काडीवर नीट टेकवली,
अंगठा पकडून हलवला, दुखरा दात हलवतात तसा.
"बरोबर दाबलं तुम्ही.
पण जनरेटर कवाच बंद झालाय, गुरुजी."

मग घोडी चिमटीत धरून
सुताभर सरकवली, कुठे ते मला दिसलंही नाही.
तिसराच गज पुन्हा माझ्या हातात दिला.

ह्या वेळी मी काही केलं नाही.
त्याचं त्याचं वजन, साठाला थोडं कमी,
तारेवर सोडून दिलं.
आधी नुसती हवा.
मग केसांनी तार धरली
आणि लाकडाच्या पोटातून काहीतरी उठलं,
जाडसर, ओलसर, माझ्याहून वयस्कर.
पलीकडचा क्लॅरिओनेटवाला
पत्ती जिभेवर ओली करता करता
तशीच तोंडात धरून बसला.

नव्या व्हायोलिनचं काय, मी विचारलं.
"कशाला? हे ओरडून बसलंय फक्त.
महिनाभर बोलू द्या."
सतराशे घेतले. घासाघीस केली तर
राळेचा अर्धा खडा वर दिला.

लोह्याच्या गाडीत गज मांडीवर, पीव्हीसीच्या पाइपात.
कंडक्टर म्हणाला, नळाचं काम करता काय?
हो म्हणालो.
पाइपावर अंगठा अजून आवळलेलाच होता.
सिडको गेलं, पूल गेला.
मारतळ्याच्या पुढे कधीतरी
सैल पडला.